म्हातारीचा माग

छपन्न नंबरच्या बसमध्ये शेजारच्या म्हातारीची मान यान सुछिउच्या खांद्यावर कलली, तेव्हा सुछिउनं काहीही विचार न करता डावा तळवा त्या म्हातारीच्या हनुवटीखाली धरला, उजव्या हातानं बाहीतला रुमाल काढला आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पुसली. मग अंगठ्यानं खालचा ओठ जरासा दाबून आत घास अडकून राहिलाय का तेही पाहिलं. तेवढ्यात म्हातारी जागी झाली आणि किंचाळलीच. "कोण गं तू? तोंडात बोटं काय घालतेस माझ्या? कोण आहेस कोण?" सगळी बस वळून बघायला लागली. मागच्या बाकावरची भाजीची टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "आजी, सोन्याचा दात आहे का हो? बघा जरा जाग्यावर आहे का!" आणि दोघंतिघं हसले. सुछिउला म्हणायचं होतं, चुकलं, माफ करा. तोंडातून निघालं ते मात्र, "झालं हं, झालं, एवढंच." म्हातारी आणखीच घाबरली आणि आपली पिशवी छातीशी धरून खिडकीला चिकटली. पुढच्या थांब्यावर सुछिउ उतरली. तो तिचा थांबा नव्हता.

तिथून घरापर्यंत ती नदीच्या काठाकाठानं चालत गेली. झाडांखाली वेताच्या खुर्च्या टाकून माणसं चहा पीत बसली होती, सोंगट्या खडखडत होत्या, कान कोरून देणारा आपला चिमटा वाजवत फिरत होता. चेंगदूत कुणालाच कधी घाई नसते, आणि गेली नऊ वर्षं सुछिउ या शहरातून पळतच चालत आली होती: औषधाचं दुकान, भाजी, घर, आणि जाऊन-येऊन चाळीस मिनिटांच्या आत, कारण दर दोन तासांनी आईची कूस बदलायची असायची. आता पळायचं कारण नव्हतं. आई जाऊन चौऱ्याहत्तर दिवस झाले होते. पण ते हातांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. हात आपापली कामं करत राहिले होते. परवा त्यांनी भोपळा शिजवून, घोटून, गाळून वाटीत काढून ठेवला होता आणि मग ती वाटी घेऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली होती. ते घरातल्या घरात होतं, कुणी पाहिलं नव्हतं. आजचं सगळ्या बसनं पाहिलं. आईची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं, त्या वेळी सुछिउ एका शिवणकारखान्यात कॉलरी लावत असे. थोड्या दिवसांची रजा काढली, मग बिनपगारी काढली, मग तिथून कुणी विचारायचं थांबलं. नवरा तिसऱ्या वर्षी गेला. भांडला वगैरे नाही. एक दिवस आपली चहाची बाटली आणि दोन स्वेटर घेऊन बहिणीकडे राहायला गेला आणि तिकडचाच झाला. दर नव्या वर्षाला संत्री पाठवायचा. पहिल्यापहिल्यांदा तिला अभिमान वाटायचा, की आईच्या पाठीवर एक जखम नाही, चादरीला वास नाही, डॉक्टरसुद्धा म्हणतात की असं कुणी ठेवत नाही. पुढे अभिमानही झिजला आणि नुसतं काम राहिलं. आई गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, "सुटलीस गं बाई. ती पण सुटली, तू पण." सुछिउ सुटण्याची वाट बघत राहिली. दर दोन तासांनी तिला जाग यायची, ती उठून उभी राहायची आणि भिंतीला टेकवून ठेवलेली आईची घडीची खाट बघून परत आडवी व्हायची. थकवा झोपेनं जातो असं म्हणतात. तिचा थकवा झोपेच्याच जागी येऊन बसला होता.

घरी येऊन तिनं चहा केला, प्यायली नाही, आणि पिशवीत दोन कपडे भरले. भावाकडे जायचं. हे असं एकदम का ठरलं ते तिला सांगता आलं नसतं. बसमधल्या त्या म्हातारीनं "कोण आहेस कोण" असं विचारलं, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, तो डोंगरात होता.

सुंगबाइ तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. वनविद्येच्या शाळेतून नुकताच बाहेर पडला होता, त्या सुमारास उत्तरेच्या डोंगरांमध्ये बांबूला फुलोरा आला. फुलला की बांबू मरतो, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. पण त्या साली डोंगरच्या डोंगर वाळले, आणि त्यातली अस्वलं, ती काळी-पांढरी, ज्यांच्यासाठी आता जगभरातली माणसं रांगा लावतात, उपाशी मरायला लागली. शहरात सगळीकडे तोच विषय. जिवंत किती, मेली किती हे मोजायला तरुण पोरं हवी होती. सुंगबाइनं नाव दिलं. "दोन-तीन महिन्यांत येतोच," तो म्हणाला होता. आईनं धुरावलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या तेलकट कागदात बांधून दिल्या, आणि तो जिना उतरून गेल्यावर कितीतरी वेळ कठड्याला धरून उभी राहिली. त्या दोन-तीन महिन्यांना आता पस्तीस वर्षं झाली. नवा बांबू उगवला, वाढला, सुंगबाइ मात्र राहायला परत आलाच नाही. नव्या वर्षाला तीन दिवस यायचा, अंगाला लाकडाच्या धुराचा वास, खुर्चीच्या कडेवर बसायचा, जणू गाडी यायचीच आहे. आईला झटका आला तेव्हा आठ दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "हिची कूस कोण बदलतं?" सुछिउ म्हणाली, "मी." तो म्हणाला, "बरं." नंतर दर रविवारी फोन. त्याच्या वनठाण्यावर आवाज पोचत नसे, त्यासाठी त्याला एका खडकावर चढून बसावं लागे, आणि त्याच्या बोलण्यापाठी वारा ऐकू यायचा. "आई कशी आहे?" "आहे तशीच." "बरं." आई गेली तेव्हा आला, दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी परत गेला, कारण ते मोजणीचे दिवस होते. छिंगमिंगला, म्हणजे वर्षातून एकदा गेलेल्यांना भेटायचं त्या दिवशी, आईच्या अस्थींचा कोनाडा सुछिउनं एकटीनं पुसला, एकटीनंच उदबत्ती लावली. नऊ वर्षांत तिनं मनाशी त्याच्यासाठी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. चादरी पिळताना, मासळीतले काटे वेचताना. ती वाक्यं धुऊन धुऊन आखूड होत गेली, आणि शेवटी एकच राहिलं: आई तुझीही होती. एवढं त्याच्या तोंडावर बोलायचं आणि परतायचं. पुन्हा भेटायचं नाही.

सकाळच्या गाडीनं ती निघाली. सपाटी संपली, बोगदे सुरू झाले, आणि प्रत्येक बोगद्यातून बाहेर आलं की नदी आणखी खाली आणि आणखी हिरवी दिसायची. तालुक्याच्या गावाहून पुढे एका छोट्या व्हॅनमध्ये बसली. तिच्या पायापाशी कोंबड्यांची पेटी होती आणि चालकानं वाटेत तीन ठिकाणी उतरून तीन लोकांशी गप्पा मारल्या. आई तुझीही होती, आई तुझीही होती, असं ती मनात म्हणत राहिली. वळणांवर शब्द इकडचे तिकडे व्हायचे आणि तिला पुन्हा जुळवून घ्यावे लागायचे. हेइशी ठाण्यावर ती उतरली तेव्हा दुपार कलली होती. चार खोल्या, एक अंगण, मागे सरळ उठलेला डोंगर आणि त्याच्या माथ्यावर ढगाची घोंगडी. स्वयंपाकघराच्या दारात एक जाडजूड बाई लसूण सोलत बसली होती.

"कुणाकडे?"

"यान सुंगबाइ."

"बायको?"

"बहीण."

बाईच्या हातातली लसणीची पाकळी खाली पडली. "अगं बाई! म्हणजे त्यांना बहीणसुद्धा आहे! आम्ही समजत होतो, खडक फोडून वर आलेत. या, बसा. मी पंग. सोळा वर्षं इथं भात शिजवतेय, आणि सोळा वर्षांत एक गोष्ट ह्या माणसानं आपणहून सांगितली असेल तर शपथ. वर गेलेत ते, म्हातारीच्या मागावर. येतील अंधारायच्या आत."

"कुठल्या म्हातारीच्या?"

"कड्याच्या म्हातारीच्या हो! आमचं चट्टेरी अस्वल. कड्यावर राहते म्हणून कड्याची म्हातारी. तुम्ही शहरातले तिकीट काढून बघता ना, त्यातलीच. फक्त इथं तिकीट काढून दिसत नाहीत. मला सोळा वर्षांत एकदा दिसलं, ते पण पाठमोरं. पण तुमचे दादा! शेणावरून जन्मपत्रिका मांडतात तिची." पंगबाईनं सुछिउच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. "मोठं पुण्य आहे हो त्यांच्या नावावर. घरदार सोडून ह्या मुक्या जिवांसाठी सगळा जन्म काढला. आई गेली तरी तिसऱ्या दिवशी हजर."

सुछिउनं समोरची लसूण ओढून घेतली आणि सोलायला लागली. हातांना काम मिळालं की बरं असायचं.

सुंगबाइ दिवेलागणीला आला. तो अंगणात शिरला तेव्हा तिला वाटलं, वडीलच आले. तीच एक खांदा खाली टाकून चालायची ढब, तेच कानांमागचे पांढरे केस. तिला बघून तो थबकला, चिखलाचे बूट काढत राहिला, दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी ठेवले आणि मग म्हणाला, "याओमेइ. कधी आलीस? जेवलीस?" याओमेइ, शेंडेफळ. पंचावन्नाव्या वर्षी तिला ह्या नावानं हाक मारणारा हा एवढाच. तिनं तोंड उघडलं, पण वाक्य पंगबाईच्या समोर बोलण्यासारखं नव्हतं, आणि पंगबाई वाफाळता रस्सा घेऊन आलीच होती, तिरफळाचा वास नाकात झणझणत होता. तिघं जेवले. पंगबाई एकटीच बोलली. सुछिउ भावाच्या जबड्याकडे बघत होती.

"उजवीकडची दाढ काढलीस?"

तो खाता खाता थांबला. "दोन वर्षं झाली. तुला कसं कळलं?"

"घास डावीकडे ढकलतोस."

"बघा," पंगबाई म्हणाली, "मी रोज वाढते, मला नाही कळलं!"

तिला पाहुण्यांच्या खोलीत घातलं. आज तरी जाग येणार नाही असं वाटलं होतं. पण डोंगर असो, शहर असो, दोन तास झाले की शरीर आपणहून उठून बसत होतं. सकाळी सहाला तो दारात येऊन म्हणाला, "मला वर जायचंच आहे. येतेस?" इथे बोलता येणार नाही हे बहुधा त्यालाही कळलं होतं. ती निघाली.

चार तास चढ. पहिल्या तासातच तिची छाती भरून आली. नऊ वर्षांत ती कितीदा जिने चढली-उतरली असेल, पण अशी सलग लांब चालली म्हणून नव्हतीच. वाट म्हणजे बांबूच्या दाट झुडपातली एक फट होती; पानांवरचं पाणी मानेत उतरायचं, पायाखाली शेवाळ, आणि वर कुठंतरी जंगली गुलाबी फुलांची झाडं ढगातच फुललेली. सुंगबाइ पुढे चालत होता. दर थोड्या वेळानं तो थांबून काहीतरी बघितल्यासारखं करायचा, एखादी फांदी, एखादा दगड, आणि तिचा श्वास खाली बसला की पुन्हा चालू लागायचा. तो आपल्यासाठी थांबतोय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर तिला राग आला. इतकं जर समजतं माणसाला. वाक्य आता जिभेच्या टोकावर होतं, पण त्याला पुरेल एवढा श्वास नव्हता.

ओढ्याच्या वरच्या अंगाला तो एकदम खाली बसला. गवतात रताळ्यांएवढ्या हिरवट लेंड्या पडल्या होत्या, सात-आठ. त्यानं एक उचलली आणि दोन्ही हातांनी भाकरी मोडावी तशी मोडली. घाण वास आला नाही. ओल्या चहापत्तीसारखा वास आला. "कालची आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाजच बदलला. फोनवर त्याचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "ह्या काड्या बघ. तरुण जनावर एवढे एवढे तुकडे करतं, कडा साफ. हिच्या बघ, चिंध्या झाल्यात. आणि हे पान, जवळजवळ अख्खंच बाहेर आलंय. म्हणजे दाढा संपल्या. गेल्या शरदापासून जून खोडाला तोंड लावत नाही, नुसती पानं, आणि आता कोवळे कोंब निघालेत ते. वरचा कडा सोडून खाली ओढ्याशी आलीय, कारण पाणी जास्त लागतं तिला. बसते जास्त, चालते कमी. बावीस-तेवीस वर्षांची असेल. पुढचा हिवाळा नाही काढायची." तो बोलतच होता, एकेक काडी तळहातावर मांडत. "डावीकडची एखादी दाढ उरली असेल, एका बाजूच्या काड्या जरा बऱ्या असतात."

"किती वेळा पाहिलीस तू हिला?"

"चारदा."

"एवढ्या वर्षांत चारदा? मग हे सगळं कसं कळतं?"

"बघायला कशाला लागतं," तो म्हणाला. "रोज येत राहिलं की कळतं."

सुछिउ उभीच होती. वाक्य जिथं ठेवलं होतं तिथं नव्हतं. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते तिच्या आवाजात नव्हतं, कारखान्यातल्या बायका भांडताना काढत तशा आवाजात होतं. "आईचे दात कधी पडले?"

त्यानं वर पाहिलं.

"आईचे, आईचे. वरचे आधी की खालचे? आधी काय सोडलं तिनं, भात की मासा? कुठल्या बाजूनं खायची? सांग ना. पाणी कधीपासून चमच्यानं द्यावं लागायचं? ह्या जनावराला बघितलंस चारदा आणि हिची दाढ न् दाढ ठाऊक तुला!"

त्याच्या तळहातावर काड्या तशाच मांडलेल्या होत्या. "मी विचारायचो," तो म्हणाला. "तू म्हणायचीस, आहे तशीच."

"आणि तू ऐकून घ्यायचास."

"हो." त्यानं तळहातावरची एक काडी सरळ केली. मग म्हणाला, "सोयीचं होतं."

तिला वाटलं होतं तो कारणं सांगेल. कारणांची उत्तरं तिच्याकडे तयार होती. त्यानं काड्या गवतात ठेवल्या, हात विजारीवर पुसले. "पंगबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ह्यांनी मुक्या जिवांसाठी जन्म काढला. तसं काही नाही, याओमेइ. घरात माझा जीव घुसमटायचा. लहानपणापासून. मी काय खातो, का हसलो, कुणाचं पत्र आलं, आई माझ्या तोंडाकडे बघत बसायची. बांबू फुलला आणि मला सबब मिळाली. दोन महिन्यांसाठी आलो आणि पहिल्याच रात्री वाटलं, आता नाही जायचं."

"मला नाही मिळाली सबब."

"नाही मिळाली," तो म्हणाला. "खरं आहे."

अंधारात जिना चढताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय उचलावा आणि पायरी नसावी, तसं तिला झालं. नऊ वर्षं जे उचलून धरलं होतं ते टाकायला जागा मिळाली होती, आणि टाकल्याचा आवाजच आला नाही. आई त्याच्याच तोंडाकडे बघत बसायची, हे तर खरंच होतं. सुछिउच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. ती धाकटी, ती मुलगी, ती कुठेतरी असायचीच. त्याला जे बघणं गळ्याशी आलं त्यातला एक घोट मिळावा म्हणून ती लहानपणी आईच्या पुढ्यात येऊन उभी राहायची, आणि आई म्हणायची, सरक गं, उजेड अडवतेस. हे तिला कितीतरी वर्षांनी आठवत होतं. पाऊस भुरभुरायला लागला. सुंगबाइ म्हणाला, "खोपटीत चल, भिजशील," आणि ती त्याच्या मागून गेली, कारण भांडायचं असलं तरी कोरडं राहायला हवं होतं.

खोपटी म्हणजे तीन बाजूंना फळ्या, वर पत्रा, आत एक बाकडं. समोर ओढा, पलीकडे बांबू. त्यानं बाटलीतला गरम चहा दिला, आपला कोट बाकड्यावर पसरला. "दोन मिनिटं पाठ टेकते," ती म्हणाली. घड्याळात साडेदहा झाले होते. पत्र्यावर पावसाचा आवाज होता आणि तिला वाटत होतं की आता उठून तेही बोलावं, छिंगमिंगचं, आणि संत्र्यांचंही, नवऱ्याचं. पण शब्द एकेक करून कुठं निघून चालले होते. कुणीतरी तिच्या पायांवर काहीतरी घातलं.

जाग आली तेव्हा पाऊस नव्हता. प्रकाश दुसऱ्या बाजूनं येत होता. आपण कुठं आहोत ते तिला कळेना, पण त्याची भीतीही वाटेना. अंग जड आणि उबदार होतं, तोंडाला लहान मुलासारखी कोरड पडली होती. सुंगबाइ दाराशी जमिनीवर बसला होता, गुडघे छातीशी घेऊन, अंगात नुसता सदरा. सदरा एका बाजूनं पूर्ण भिजलेला होता आणि तो थंडीनं बारीक कापत होता.

"किती वाजले?"

"साडेतीन."

"साडेतीन!" ती धडपडून उठली. "पाच तास? मी पाच तास झोपले?"

"ती येऊन गेली," तो म्हणाला.

"कोण?"

"म्हातारी." त्यानं हनुवटीनं ओढ्यापलीकडे दाखवलं. खोपटीपासून पलीकडचं झाड चाळीस पावलंही नसेल. "तू झोपल्यावर तासाभरानं आली. त्या झाडाला पाठ टेकून बसली, पाय पुढे पसरून. एकेक कोंब सोलायची, डाव्या बाजूनं चावायची. पाऊण तास होती. एकदा इकडे पाहिलं पण तिनं. मग पाणी प्यायली आणि वर गेली."

"आणि तू मला उठवलं नाहीस?"

"झोपली होतीस."

"अरे, माणसं कुठून कुठून येतात! पंगबाईला सोळा वर्षांत एकदा दिसली, पाठमोरी! तुझ्या जन्मात पाचव्यांदा, आणि मी इथं, चार हातांवर..."

"झोपली होतीस ना तू," तो पुन्हा म्हणाला, जणू ह्यापुढे आणखी कारण द्यायची रीतच नसते.

ती बाकड्यावर परत बसली. राग अर्धा वर आलेला होता आणि तिथंच राहिला. नऊ वर्षांत तिची झोप ही कुणीही, कशासाठीही मोडायची वस्तू होती. आईनं मोडली, नवऱ्यानं मोडली, वरच्या मजल्यावरच्या नळानं मोडली, आणि कुणी मोडलं नाही तेव्हा तिनं स्वतः. ह्या माणसानं पाऊण तास श्वास रोखून, पावसात, हलला तर दाराची फळी करकरेल म्हणून न हलता, दोन्हीकडे लक्ष ठेवलं होतं. त्याला क्षमा करावी असं तिला वाटलं, असं नव्हे. त्याच्यावरचं काही फिटलंही नव्हतं. पाच तासांनी नऊ वर्षं भरून येत नाहीत. पण कुणी आपल्याला झोपू दिलं, एवढी गोष्ट मात्र घडली होती आणि ती आता पुसता येणार नव्हती. तिनं कोट उचलून त्याच्या खांद्यांवर टाकला. मग ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जाऊन ती जागा बघून आली. गवत दबलेलं होतं. सोललेल्या कोंबांच्या साली होत्या. झाडाच्या सालीत दोन-तीन राठ पांढरे केस अडकले होते. तिनं ते काढले नाहीत. एवढंच तिनं त्या जनावराचं पाहिलं.

उतार पायांना बरा होता. ह्या खेपेला ती पुढे होती आणि तो मागे. मग मागून त्याचा आवाज आला.

"आधी काय सोडलं तिनं?"

ती थांबली नाही. "भात. भाताची शितं टाळूला चिकटायची. मग पेज द्यायला लागले. मासा पुष्कळ दिवस खायची, काटे काढून, आल्याच्या पाण्यात शिजवलेला."

"दात?"

"वरचे सगळे पाचव्या वर्षापर्यंत गेले. खालचे तीन राहिले, समोरचे. कवळी बसवायला नेलं, तर डॉक्टरचं बोट चावली त्या तीन दातांनी."

तो हसला की खोकला ते कळलं नाही. "कुठल्या कुशीवर बरं वाटायचं तिला?"

"डाव्या. खिडकीकडे तोंड करून."

तो विचारत गेला. पाणी किती प्यायची, बोलायची ते कळायचं का, रडायची का, हात धरला तर दाबायची का. घाईनं नव्हे, एक उत्तर घेऊन शंभर पावलं चालायचा आणि मग पुढचा प्रश्न. सुरुवातीला ती उत्तरं त्याच्या अंगावर फेकत होती, लागावीत म्हणून. पुढे पुढे नुसती देत होती. हे सगळं तिला माहीत होतं हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेजारीपाजारी म्हणायचे, किती करतेस गं, आणि पुढे जायचे. ठाण्याचे पत्रे खाली दिसायला लागले, तेव्हा त्यानं विचारलं, "माझी आठवण काढायची?"

हे ती सांगणार नव्हती. ती एकच गोष्ट तिनं स्वतःसाठी ठेवली होती; त्याला द्यायचीच नाही असं आई गेली त्याच दिवशी ठरवलं होतं. तिनं चार पावलं टाकली, आणि मग तिला ती इतकी जड झाली की आणखी पुढे नेववेना.

"शेवटची दोन वर्षं ती मलाच सुंगबाइ म्हणायची," ती म्हणाली. "घास दिला की, सुंगबाइ, तू जेवलास का. कूस बदलली की, सुंगबाइ, हात किती गार तुझे. बाकीचं बोलणं तुटक, अर्धवट, मलाच काय ते कळायचं; तेवढंच नाव नीट यायचं."

मागची पावलं थांबली. "मग तू?"

"मी ओ द्यायचे."

ती आणखी दोन पावलं उतरली. तिनं वळून पाहिलं. तो वाटेतच एका ओल्या दगडावर बसला होता, हात गुडघ्यांमध्ये, आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्याचकडे. त्याच्या नजरेत काय होतं ते तिला लावता आलं नाही, आणि लावायचा तिनं प्रयत्नही केला नाही. ती उभी राहिली. उशीर होत होता, पाय दुखत होते, पण आत कुठंतरी खूप दिवस ताणून धरलेलं सैल झालं होतं. तिला आता भूक लागली होती.

"दादा," ती म्हणाली, "पुढच्या छिंगमिंगला तू ये. कोनाडा उंचावर आहे, माझा हात नीट पुरत नाही."

"येईन," तो म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नाही. खोटंही वाटलं नाही. "ऊठ मग," ती म्हणाली. "पंगबाई जेवायची थांबली असेल." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. वाट आता दोघांपुरती रुंद झाली होती.